पावणाईचा डावा कौल

दीपमाळेच्या तिसऱ्या पायरीवर चढून तोंड घाटाकडे केलं, की आमच्या हातणकोंडात मोबाइलला रेंज मिळायची. अख्ख्या गावात तेवढी एकच जागा. त्या दिवशी सकाळी साडेनऊला भाई बाणे त्या पायरीवर चढले, तेव्हा ते तेलाच्या पाइपलाइनचे कट्टर विरोधक होते. खाली उतरले तेव्हा तोंड असं झालं होतं, जसं भरल्या पानावरून कुणी उठवलंय.

"काय झालां, भाई?" आबा गावकरांनी विचारलं. आबा म्हणजे गावचे मुख्य मानकरी. देवळातला शब्द त्यांचा.

"काय नाय. मुंबईचो फोन होतो. जरा पाणी द्या कोणीतरी."

पाणी येईपर्यंत उल्हासशेठ तळवणेकर त्याच पायरीवर चढले. पाइपलाइन म्हणजे कोकणचं सोनं, असं वर्षभर घसा सुकेपर्यंत सांगणारे ते हेच. त्यांचाही फोन मुंबईचाच. "हो साहेब, हो साहेब" एवढंच ऐकू आलं. मग तेही रुमालाने कपाळ पुसत उतरले आणि भाईंच्या शेजारी येऊन बसले. वर्षभरात ते दोघं एका कट्ट्यावर बसलेले कुणी पाहिले नव्हते.

मी देवळाच्या दाराशी ताम्हण घेऊन उभी होते. ताम्हणात कौलाचे कळे, उजव्या बाजूला एक रांग, डाव्या बाजूला एक. त्या कळ्यांबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, जी गावात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. सगळ्या गावात शहाणी मी एकटीच, असं मला त्या घटकेला वाटत होतं. चोवीस वर्षांची होते. त्या वयात असं वाटतं.

पण हे असं मधूनच सांगितलं तर कुणाला काय कळणार? थोडं मागून सांगते.

समुद्रावरून घाटावर तेल न्यायला लोखंडी पाइप पुरायचा होता. अकरा गावांतून जायचा होता, त्यात आमचं सातवं. जमीन तुमचीच राहणार म्हणायचे, फक्त पाइपाच्या वर अठरा मीटरच्या पट्ट्यात झाड ठेवायचं नाही आणि घर बांधायचं नाही. वर नाचणी पेरा, वरी पेरा, खुशाल! कातळावर नाचणी कशी पेरायची, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

यावर तीन ग्रामसभा झाल्या. पहिलीत खुर्च्या मोडल्या, दुसरीत माइक मोडला. तिसरीत मोडायला काही उरलं नव्हतं म्हणून मतं घेतली, तर एकसष्ट विरुद्ध एकसष्ट! बाबल्या मेस्त्री कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडायला ओढ्यावर गेला होता, नाहीतर त्या दिवशीच काय तो निकाल लागला असता.

भाई बाणे संघर्ष समितीचे अध्यक्ष. "पाइप न्यायचा तर माझ्या अंगावरून न्यावा लागेल!" असं ते प्रत्येक सभेत म्हणायचे. भाईंचं अंग बघता पाइपाला तिथे चांगलीच चढण लागली असती. उल्हासशेठ विकास मंचाचे. त्यांचा पक्ष तेव्हा मुंबईत सरकारात होता आणि भाईंचा विरोधात. "पोरांना नोकऱ्या लागतील," असं शेठ म्हणायचे. पुरलेल्या पाइपावर पोरं नेमकी काय नोकरी करणार हे विचारायला एकही माईचा लाल उठला नाही.

शेवटी आबा गावकर म्हणाले, "आता माणसांक इचारून पुरे झाला. पावणाईक इचारूया."

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. आणि कौल लावणार माझे बाबा, लवू गुरव.

कौल असा असतो. पावणाईच्या पाषाणाला स्नान घालून, पुसून कोरडा करायचा. मग पिटकुळीच्या फुलाच्या कळ्या तीर्थात बुडवून, एक देवीच्या उजव्या अंगाला आणि एक डाव्या अंगाला चिकटवायची. त्यांना आमच्याकडे कळे म्हणतात. गाऱ्हाणं घालायचं, सवाल विचारायचा आणि बघत राहायचं. उजवा कळा आधी पडला तर देवीचा होकार, डावा आधी पडला तर नकार. कळे तोडून आणणं, निवडणं, ताम्हणात दोन रांगांत लावणं हे काम घरातल्या बाईमाणसाचं. आई होती तोवर आईचं. मग माझं.

आईचं नाव आलंच आहे तर कलमांचंही सांगते, कारण सगळं त्यांच्यापायीच झालं. घरामागच्या कातळावर आमची चौदा हापूस कलमं होती. जमीन देवीच्या नावची, चाकरीबद्दल आम्ही कसायची. त्यामुळे पाइपलाइनवाले देतील ती भरपाई जाणार देवस्थान कमिटीला. आम्हाला फक्त झाडं. कातळात सुरुंग लावून बाबांनी खड्डे पाडले होते, आणि ते भरायला लागलेली सगळी माती आईने नदीकाठावरून डोक्यावर आणली होती. दोन वर्षं टोपली टोपली करून. आई जाऊन सात वर्षं झाली होती. तिचा धड एक फोटोही आमच्याकडे नाही. मला आईची आठवण आली की मी कलमांत जाऊन बसायची. सर्वेवाल्यांनी लाल खुंट्या ठोकल्या, तेव्हा चौदातली अकरा पट्ट्याच्या आत गेली.

कौलाच्या चार दिवस आधी भाई आमच्या खळ्यात, अंगणात आले. नारळ ठेवला, बसले.

"लवूदा, कौल आपलो व्हयो."

"कौल देवीचो, भाई. माझो नुसतो हात."

"मी हाताचाच म्हणतंय."

बाबांनी नारळ उचलून त्यांच्या हातात परत दिला. म्हणाले, "ह्यो देवळात ठेवा. हंय नको."

दुसऱ्या दिवशी उल्हासशेठ आले. त्यांच्या नारळाबरोबर साखरेचा पुडाही होता. दोन्ही तसंच परत गेलं. बाबांचं हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. चाळीस वर्षांत त्यांनी कौलाला बोट लावलं नव्हतं. एकदा सख्ख्या भावाविरुद्ध कौल गेला तर तोही खणखणीत आवाजात सांगितला होता. लहानपणी मी दुधाची साय खाऊन मांजरीवर ढकललं, तेव्हा त्यांनी मला मारलं नाही, पण स्वतः दोन दिवस दूध प्यायले नाहीत. असला माणूस! त्यांच्याबरोबर राहायचं म्हणजे जीव नकोसा व्हायचा.

"बाबा," शेठ गेल्यावर मी म्हटलं, "उल्हासशेठचा सोडा. पण भाई आपल्याच बाजून आसत. पाइप नको म्हणतत. झाडां आपली रवतीत. देवीक काय फरक पडता?"

"देवीक नाय पडत."

"मग?"

"माका पडता," असं म्हणून ते कलमांना पाणी घालायला गेले. माझा असा संताप झाला की काय सांगू! ज्या झाडांना पाणी घालायला चाललात, त्यांच्यासाठी एक कळा इकडचा तिकडे होत नाही तुमच्याने?

मग मीच ठरवलं.

कौलाच्या दिवशी सकाळी परसातल्या फणसाला कोयतीने टोचा मारला. चीक आला. फणसाचा चीक म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. हाताला लागला तर पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, खोबरेल चोळल्याशिवाय सुटका नाही. उजव्या रांगेतल्या प्रत्येक कळ्याच्या पाठीला मी काडीने त्याचा टिपका लावला. सवाल ठरलेला होता, "पाइपलाइन येवंदे काय?" उजवा कळा पडणारच नाही, म्हणजे डावा आधी पडणार, म्हणजे देवी "नको" म्हणणार. मग बोटांना खोबरेल चोळलं, ताम्हण उचललं आणि देवळाची वाट धरली. देवीची भीती वाटली का? वाटली. पण आई, तूही बाईच आहेस, समजून घे, असं तिला वाटेत सांगून टाकलं.

आणि आता ते दोघं कट्ट्यावर शेजारी शेजारी बसले होते.

बातमी दहा मिनिटांत सगळ्या देवळात पसरली. मुंबईत सरकार पडलं होतं. भाईंचा पक्ष सरकारात बसणार होता आणि शेठचा बाहेर. वरून दोघांनाही निरोप आला होता. भाईंना सांगितलं होतं की पाइपलाइन आता आपली आहे, गाव सांभाळा. शेठना सांगितलं होतं की पाइपलाइन आता त्यांची आहे, आग लावा.

बरं, दोघांनी वर्षभर जी भाषणं ठोकली होती, ती गावाच्या कानात अजून ताजी होती. बिचारे! देवीच्या दारात दोन अडलेली माणसं बसावी तसे बसले होते.

आबा गावकर म्हणाले, "चला, बारा वाजायच्या आत उरकूया. लवू, सवाल घे. पाइपलाइन येवंदे काय?"

"थांबा, आबा," भाई उठले. "असा सवाल कसो? गाऱ्हाणां कोणाचा? संघर्ष समितीचा, म्हणजे माझा. मी वर्षभर काय मागतंय? पाइपलाइन अडवूची. मग सवाल तसोच व्हयो. 'पाइपलाइन अडवूची काय?' देवी व्हय म्हणाली तर उद्यापासून मी रस्त्यात आडवो पडतंय. नको म्हणाली, तर मग देवीच्या पुढे माझी काय मजाल?"

शेवटचं वाक्य म्हणताना भाईंचे डोळे आशेने नुसते चमकत होते.

आबांनी शेठकडे पाहिलं. "तुमचा काय म्हणणां?"

"माझी काही हरकत नाही," शेठ घाईघाईने म्हणाले. देवीनेच "अडव" म्हटलं, तर त्यांनाही उद्यापासून आडवं पडायला कारण मिळणार होतं. वर्षभरात दोघांचं एकमत झालं ते त्या एका गोष्टीवर.

"बरोबरच आसा," आबांनी मान डोलावली. "गाऱ्हाणां जेचा, सवाल तेच्याच तोंडचो. वाडवडलांपासून तसाच चलत इला. लवू, 'अडवूची काय' असा इचार."

माझ्या पायांखालची जमीनच सरकली. आता उजवा म्हणजे अडव, डावा म्हणजे येऊ दे! आणि उजवा तर मी असा चिकटवून ठेवला होता की भूकंप झाला तरी पडला नसता. ताम्हण बाबांच्या हातात गेलं होतं.

"आबा..." माझ्या तोंडून निघालं.

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. दीडशे माणसं.

"काय गो, वैजू?"

काय सांगणार होते? की सवाल बदलू नका, मी उजव्या कळ्यांना चीक लावलाय? कौल बाटवणाऱ्या गुरवाच्या घराचं काय होतं ते मला ठाऊक होतं. शेजारच्या गावात झालं होतं. चाकरी गेली, जमीन गेली, आणि वाळीत टाकलेल्या त्या माणसांनी शेवटी गाव सोडलं.

"काय नाय, आबा. समई विझत इली हा."

कुणीतरी समईत तेल घातलं. बाबा गाभाऱ्यात वाकले. आधी डावा कळा लावला, मग उजवा. उजवा लावताना त्यांचा अंगठा क्षणभर थांबला. मला वाटलं, नवा सवाल मनात घोळवत असतील. मग ते सरळ झाले, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "आई पावणाई, ह्या बारा वाड्यांची तू राखणदार, आज लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, ती काय मागतत ता आयक गो माये..."

"व्हय म्हाराजा!" देऊळ गरजलं.

"ही पाइपलाइन अडवूची काय, तुझो काय असात तो कौल दी, गो माये..."

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे मिटून मनात एकच घोकत होते, आई, पाड गो, उजवा पाड. त्याच देवीला, जिचा उजवा हात मीच बांधला होता. अर्धा तास गेला असेल. मग टप्प असा आवाजही न होता डावा कळा ओघळला आणि देवीच्या पायाशी पडला.

बाबा वळले. चाळीस वर्षांत प्रत्येक कौल त्यांनी लोकांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितला होता. त्या दिवशी ते घंटेकडे बघून बोलले. "डावो. देवी नको म्हणता. अडवू नको, येवंदे."

भाईंनी तिथेच देवीपुढे लोटांगण घातलं. डोळ्यांत पाणी. "आई, मी लढलंय! पण तुझ्या शब्दाफुडे मी कोण?" इतका मोकळा रडणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. उल्हासशेठ म्हणाले, "देवीचा कौल शिरसावंद्य. पण एका जरी शेतकऱ्यावर अन्याय झाला तरी मी पाइपलाइन होऊ देणार नाही." दोघांनाही टाळ्या पडल्या.

दुपारी बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी दिवाबत्तीला निघताना म्हणाले, "वैजू, खोबरेलाची बाटली दी."

"देवळात? ती कित्याक?"

"देवीच्या अंगार धूळ बसली हा. पुसतंय जरा."

मी बाटली दिली. माझं डोकं इतकं बधिर झालं होतं की पुढचं काही सुचलंच नाही.

पंधरा दिवसांत कटर आले. झाडांवर तयार फळ होतं. बाबांनी आदल्या दिवशी अकराही झाडांवरचे आंबे एकट्याने उतरवले. मी खाली आंबे झेलायची जाळी धरून उभी होते. भाई स्वतः हजर होते. "जड अंतःकरणाने," असं म्हणून त्यांनी पहिल्या कलमावर नारळ फोडला. दीड दिवसात आईची दोन वर्षांची माती उघडी पडली.

त्यानंतर बाबांनी कौल लावला नाही. हात थरथरतो, असं आबांना सांगून चाकरी चुलतभावाकडे दिली. त्याच हाताने ते घरी सुईत दोरा ओवायचे, पण आबांना ते कोण सांगणार? मला ओझं होतं ते वेगळंच. रोज सकाळी परसात गेलं की तो फणस समोर दिसायचा. दोनदा मी बाबांना सांगायला म्हणून जवळ गेले आणि भाकरी वाढून परत आले.

पाइप आलाच नाही! चार वर्षं लाल खुंट्या गंजल्या, गुरांनी पाडल्या. मग कळलं, समुद्रावरचं टर्मिनलच दुसरीकडे हलवलंय. आमच्या अकराही गावांतून लाइन रद्द. तोवर मुंबईत पुन्हा सरकार फिरलं होतं. मग काय विचारता? एकाच रविवारी गावात दोन सत्कार. वरच्या वाडीत भाई बाणेंचा, "पाइपलाइन हद्दपार करणारा ढाण्या वाघ" म्हणून. खालच्या वाडीत उल्हासशेठचा, "शेतकऱ्यांचा कैवारी" म्हणून. दोन्हीकडचे भोंगे आमच्या घराकडे तोंड करून. "माझ्या अंगावरून न्यावा लागेल!" भाई वरून ओरडत होते. खालून टाळ्या वाजत होत्या, पण त्या शेठच्या होत्या.

बाबा मागच्या पडवीत बसून झाडू बांधत होते. समोर कातळावर अठरा मीटरचा उजाड पट्टा. दोन्ही टोकांना मिळून उरलेली तीन कलमं. मला एकदम सहन होईना.

"बाबा," मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "तो कौल देवीचो न्हय. मी उजव्या कळ्यांक चीक लावलेलंय. फणसाचो. झाडां वाचूची म्हणान. भाईन सवाल फिरवल्यान, नायतर... आयची झाडां मी तोडलंय, बाबा."

मग रडतच बसले. वर भाईंना हार घालत होते, बँड वाजत होता.

बाबांनी झाडू खाली ठेवला. "चिकाचा होय? ता माका तेव्हाच कळलेला."

"काय?"

"अंगठ्याक लागलो ना. वासान पण कळता. मी धोतराच्या सोग्यान कळो पुसलंय, सोच्छ केलंय आणि मगे लावलंय. तुका दिसला नाय, गाभाऱ्यात काळोख होतो. कौल देवीचोच तो. तू काय करूक नाय. खुळी खंयची! चार वर्सा ह्या पोटात घेऊन फिरलंस?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला इतकं हलकं वाटलं! आभाळ मोकळं व्हावं तसं. मी पदराने तोंड पुसलं, हसले सुद्धा. मग चहा टाकायला आत गेले. चहाचा डबा काढायला फळीवर हात घातला, तर हाताला खोबरेलाची बाटली लागली.

पुसलेल्या कळ्याला खोबरेल कशाला लागतं?

मी बाटली हातात घेऊन उभी राहिले. संध्याकाळपर्यंत तो उजवा कळा देवीच्या अंगाला तसाच चिकटून होता. तो काढायलाच बाबांनी तेल नेलं होतं. त्यांनी काही पुसलं नव्हतं. अंगठ्याला चीक लागला, तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं, पण तोवर कळा पक्का चिकटला होता. मला स्वतःहून पुढे करून कौल बाद म्हणायला एक शब्द पुरे होता. झाडं कदाचित राहिली असती, नाव राहिलं असतं, फक्त मी गावात राहिले नसते. दीडशे माणसांसमोर, देवीच्या पुढ्यात, खोटा कौल सांगितला त्या माणसाने. आणि आता चार वर्षांनी हे दुसरं.

"चाय झाली काय गो?" पडवीतून हाक आली.

मी बाटली फळीवर मागच्या बाजूला, डब्यांच्या आड ठेवली. चहा घेऊन बाहेर गेले.

"बरां झाला, बाबा, सांगलास ता," मी म्हटलं. "माका खरांच वाटलेला की मीच तोडलंय."

"मगे सांगतंय काय," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. हात जरासुद्धा थरथरला नाही.